बापावर गेलाय



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्राम समितीची बैठक झाली. पावसाळ्याआधी छताची डागडुजी, सणाचा हिशेब, ध्वनिक्षेपकाची कुरकुर, सगळे नेहमीचेच विषय. शेवटी 'इतर विषय' आला. धर्मशिक्षण वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलानं संत अंतोनींच्या दानपेटीतून तारेचा आकडा घालून नोटा काढल्या होत्या. पकडला तेव्हा दोन नोटा त्याच्या मुठीत होत्या आणि तो शांतपणे म्हणत होता, "मी नाही." त्याच्याच महिनाभर आधी त्यानं वर्गातल्या एका मुलीच्या हातावर कंपासाचं टोक टोचलं होतं. तेव्हाही तो रडला नव्हता. सूचना अशी आली की त्याला वर्गातून काढावं, आणि वेदीसेवकांच्या यादीतून तर लगेच. कोणीतरी म्हणालं, "बापावर गेलाय. रक्तच तसं."

यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. माझ्या हातात इतिवृत्ताची वही होती, मी लिहीत राहिले. फादर त्या दिवशी बाहेरगावी असल्यानं निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे. मुलाच्या आजींना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलाच्या बापाला आमच्यातले बरेच जण ओळखतात. देखणा, उंच, तेलुगू, दख्खनी, मराठी, इंग्रजी, ज्याच्याशी जी हवी ती भाषा बोलणारा. त्याची आई, तिला आपण काकू म्हणू, निम्मं आयुष्य सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहिली. पोरगा सातव्या वर्षापासून खोटं बोलायचा, आणि तेही कारण नसताना. दोन शाळांनी काढलं. चौदाव्या वर्षी शेजाऱ्याची सायकल विकून आला आणि शेजाऱ्याबरोबरच ती शोधायला निघाला. पुढे आईची खोटी सही करून मुदतठेव मोडली, बायकोचं मनगट मोडलं, पाच-सहा नोकऱ्या झाल्या.

सहा वर्षांपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात तो प्रार्थनासभेत उभा राहिला आणि सर्वांसमोर ढसाढसा रडला. आम्हीही रडलो. आम्ही तिघींनी मिळून चाळीस हजार जमवले. त्याला नोकरी मिळावी म्हणून शिफारसपत्र लिहिलं ते मी. दोन महिन्यांत तो दुकानाचा गल्ला आणि मालकाची स्कूटर घेऊन गेला. नंतर एकदा कोठीच्या बसथांब्यावर भेटला. मला वाटलं तोंड चुकवेल. उलट हसून जवळ आला. म्हणाला, "आंटी, तुम्हीच दिले ना? मी तोंडानं मागितले होते क्या?" शब्द खरे होते. त्यानं खरंच मागितले नव्हते.

काकूंनी त्याला एकदा मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं होतं. तीन भेटींनंतर त्यानं जाणं सोडलं. डॉक्टरांचा कागद इंग्रजीत होता, तो काकूंना मीच वाचून दाखवला. त्यावर 'अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असं लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, "अगं, अँटिसोशल म्हणजे जो चारचौघांत मिसळत नाही तो ना? हा तर सगळ्यांत मिसळतो!" त्यांची चूक नव्हती. लग्नाला न येणाऱ्या, मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या पोरांना आपण सर्रास अँटिसोशल म्हणतो. डॉक्टर तो शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात: इतरांच्या हक्कांची, दुःखाची, मालमत्तेची पर्वा नसणं, आणि ते एखाद्या रागाच्या भरात नव्हे, तर वर्षानुवर्षं, प्रत्येक नात्यात. फसवणूक, उतावळेपणा, मारामारी, बेजबाबदारपणा, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाची बेफिकिरी आणि केल्याचा पस्तावा नसणं. 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार' असं मराठीत म्हणता येईल. पोलिसांच्या वहीतला 'रौडी शीटर' म्हणजे हा विकार नव्हे. ती पोलिसांची नोंद आहे.

आपल्या शहरात कोणी विचित्र वागलं की लोक म्हणतात, "एर्रागड्ड्याला पाठवा." तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, याची मला नेहमी लाज वाटते. पण या विकाराच्या बाबतीत ती सूचना आणखी एका कारणानं चुकते. या माणसाला भास होत नाहीत, आवाज ऐकू येत नाहीत. माझं माहेर पुण्याचं, म्हणून दोन जुनी उदाहरणं देते. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा रमण राघव पकडला गेला. त्याला फाशी झाली. पुढे डॉक्टरांनी तो छिन्नमनस्कतेनं, म्हणजे स्किझोफ्रेनियानं, आजारी असल्याचं सांगितलं आणि १९८७ साली उच्च न्यायालयानं शिक्षा जन्मठेपेवर आणली. तो वेगळ्याच जगात जगत होता.

दुसरं उदाहरण पुण्याचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. त्यांत संस्कृतचे वृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचं कुटुंबही होतं. मी तेव्हा शाळेत होते. दिवेलागणीला दारं बंद व्हायची, दूधवाल्यालाही आधी नाव विचारलं जायचं. सगळ्यांना वाटायचं, कोणी वेडा मोकाट सुटलाय. पकडली गेली ती अभिनव कला महाविद्यालयातली चार तरुण मुलं: जक्कल, सुतार, जगताप, शाह. चारचौघांसारखी राहणारी, कटिंग चहा पिणारी. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्यातल्या कोणाला कोणता विकार होता हे मी ठरवणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण 'असली माणसं दिसायलाच वेगळी असतील' ही आमच्या आळीची समजूत तेव्हा मोडली ती कायमची. हर्वी क्लेकली या अमेरिकन डॉक्टरनं १९४१ साली अशा माणसांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचाच अर्थ होतो 'शहाणपणाचा मुखवटा'. आणि हेही लगेच सांगते, की हा विकार असलेले बहुतेक लोक खून करत नाहीत. ते घरं पोखरतात. शंभरात एक ते चार माणसांत तो सापडतो, पुरुषांत बायकांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे प्रत्येक धर्मग्रामात कोणी ना कोणी असणारच.

आता काकूंचा प्रश्न. तो त्यांनी मला जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, चपला घालता घालता विचारला होता. "माझ्याच पोटी हे कसं आलं? मी काय कमी केलं गं?" जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला जे विचारलं होतं तेच हे: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभूनं दोन्हीला नकार दिला. आम्ही मात्र वर्षानुवर्षं काकूंकडे पाहून मनात त्या प्रश्नाचं उत्तर देत आलो आहोत.

या विषयावर मी गेले काही महिने वाचते आहे. डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे, तेवढ्या बेतानं सांगते. जुळ्या आणि दत्तक मुलांवरच्या ५१ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००२ साली ऱ्ही आणि वॉल्डमन या दोघा संशोधकांनी मांडला. समाजविघातक वागण्यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा साधारण ४१ टक्के वाटा जन्मानं आलेला, सुमारे १६ टक्के एका घरातल्या भावंडांना सारख्याच मिळालेल्या परिस्थितीचा आणि उरलेला सुमारे ४३ टक्के ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांचा: मित्र, अपघात, शाळा, कोणी केलेला छळ. काकूंना मी हे आकडे वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ सोळावर बोट ठेवून बसल्या. त्यांची थोरली मुलगी त्याच घरात, त्याच ताटात जेवून परिचारिका झाली आहे.

पवित्र शास्त्रातलं शमुवेलाचं घराणं आठवा. एली याजकाचे मुलगे हफनी आणि फिनहास अर्पणाचं मांस लुटायचे, मंदिरात येणाऱ्या बायकांना नासवायचे. त्याच एलीच्या हाताखाली, त्याच शिलोत लहानगा शमुवेल वाढला आणि संदेष्टा झाला. आपण प्रवचनात इथेच थांबतो. पुढचं सांगत नाही, की त्याच शमुवेलाचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाधीश झाले आणि लाच खाऊ लागले. एलीला देवानं दोष दिला, कारण त्याला कळत होतं आणि त्यानं मुलांना आवरलं नाही. शमुवेलाला मुलांबद्दल असा दोष दिल्याचं कुठे आढळत नाही.

पण आईला दोषमुक्त करायच्या भरात घराला पूर्ण मोकळं सोडणंही खरं नाही. काकूंचे यजमान पोराला पट्ट्यानं मारायचे, अगदी रक्त येईपर्यंत. हे काकूंनी मला उशिरा सांगितलं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांवर संशोधकांनी आयुष्यभर लक्ष ठेवलं. त्यातल्या मुलग्यांबद्दल २००२ साली जे प्रसिद्ध झालं ते असं: मेंदूतल्या काही रसायनांची विल्हेवाट लावणारं एक जनुक ज्यांच्यात मंद होतं आणि शिवाय ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, ती पुढे हिंसक वागण्याची शक्यता बरीच जास्त. तेच मंद जनुक असलेली पण न छळलेली मुलं इतरांसारखीच निघाली. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे सारख्याच जोरानं दिसलेलं नाही, आणि एका जनुकावर माणूस ठरत नाही. तरी पट्टा काढणाऱ्या प्रत्येक बापानं हे ऐकावं असं मला वाटतं. "आम्ही मार खाऊनच सरळ झालो" हे आपलं आवडतं वाक्य आहे. जे सरळ झाले तेच ते वाक्य बोलायला उरतात.

आणखी एक अभ्यास मॉरिशसचा आहे. एकोणिसाव्या शतकात आपली मराठी कुटुंबंही त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेली, म्हणून मला तो जवळचा वाटला. व्हाकोआ आणि कात्र बोर्न या दोन गावांतल्या तीन वर्षांच्या १,७९५ मुलांची तपासणी झाली, त्यांत बहुसंख्य भारतीय वंशाची. त्यांना एक आवाज ऐकवायचा, त्यापाठोपाठ दुसरा कर्कश आवाज. बहुतेक मुलं लवकरच पहिल्या आवाजालाच घाबरू लागतात, तळहाताला सूक्ष्म घाम येतो. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या नावावर गुन्हे नोंदले गेले होते त्यांच्यात तिसऱ्या वर्षी ही भीती गटागटानं पाहता जवळपास उमटलीच नव्हती. आईचा डोळा वटारला की आपल्या पोटात जो गोळा येतो, त्यावर सदसद्विवेकबुद्धीचा पाया रचला जातो असं म्हणतात. काही मुलांत तो गोळाच कमी येतो. त्यांना मारून भीती शिकवता येत नाही. म्हणून तर कंपास टोचूनही तो नऊ वर्षांचा मुलगा रडला नाही आणि आम्ही त्याला 'निगरगट्ट' म्हणून मोकळे झालो.

त्याच मॉरिशसमध्ये शंभर मुलांना तीन ते पाच या वयात चांगल्या बालवाडीत घातलं: सकस जेवण, खेळ, फेरफटके, शिकलेल्या शिक्षिका. मोठेपणी या मुलांनी केलेले गुन्हे इतरांपेक्षा कमी भरले. भाजी-भाकरी आणि मैदान, एवढंच.

आता क्षमेबद्दल, कारण ते मला सगळ्यात अवघड जातं. इंदूरजवळ १९९५ साली सिस्टर राणी मारिया यांना मारणाऱ्या समंदर सिंहला त्यांच्या बहिणीनं तुरुंगात जाऊन राखी बांधली, ही गोष्ट मी स्वतः धर्मशिक्षण वर्गात कितीदा सांगितली आहे. ती खरी आहे आणि थोर आहे. पण आम्ही तिचा साचा केला. अश्रू दिसले की साच्यात ओतायचं. समंदर सिंहनं शिक्षा भोगली आणि त्याचं वागणं बदललं. प्रभू जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा त्यानं लुबाडलेल्याच्या चौपट परत करायची तयारी दाखवली, डोळ्यांत पाणी होतं की नाही हे लूक लिहीतही नाही. आम्ही काकूंच्या मुलाकडे हिशेब मागितला नाही, फक्त अश्रू पाहिले. त्याच्या बायकोला समजावून परत पाठवणाऱ्यांत मीही होते. "क्षमा कर, प्रार्थना कर." तिचं मनगट त्यानंतर मोडलं. हे मी पापनिवेदनात सांगितलं आहे, इथेही सांगते.

या विकाराला गोळी नाही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं २००९ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत विचार आणि वर्तन बदलण्यासाठी गटानं द्यायचे उपचार सुचवले आहेत, दारू-ड्रग्जचं व्यसन असेल तर त्यावर इलाज करायला सांगितलं आहे, आणि लहानपणीच्या मदतीवरही भर दिला आहे. वय चाळिशीकडे झुकलं की काहींचा जोर ओसरतो. कायदाही या विकाराला सबब मानत नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला मनोविकृतीमुळे कळत नाही त्याला सूट आहे, आणि या माणसाला ते चांगलं कळत असतं. त्यामुळे दया दाखवायची म्हणजे तक्रार मागे घ्यायची असं नाही. त्याच्यासाठी मी आजही रोज एक माळ म्हणते. त्याला घराची किल्ली देऊ नये असंही काकूंना मीच सांगितलं. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही.

चेर्लापल्ली तुरुंगात नाताळाला जाणाऱ्या आमच्या मंडळींसाठी एक आकडा. बारा देशांतल्या, बहुतेक पाश्चात्त्य, सुमारे २३,००० कैद्यांच्या पाहण्यांचा २००२ साली आढावा घेतला गेला, त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांत हा विकार दिसला. निम्म्याहून अधिकांत नव्हता. तेव्हा तिथे जाताना भोळेपणाही नको आणि सगळ्यांना एका मापानं मोजणंही नको.

आणि आता तो नऊ वर्षांचा मुलगा. मुळात अठरा वर्षांच्या आत कोणाला हे निदान लावतच नाहीत. का, ते सांगते. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बालमार्गदर्शन केंद्रात आणलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनी शोध घेतला आणि १९६६ साली ते प्रसिद्ध केलं. हा विकार असलेला जवळजवळ प्रत्येक प्रौढ लहानपणी असाच त्रासदायक होता. पण त्रासदायक मुलांपैकी बहुतेक मोठेपणी तसे झाले नाहीत. या दोन वाक्यांतला फरक आमच्या समितीनं समजून घ्यावा, यासाठीच मी हे सगळं लिहिलं. बापाकडे बघून मागे वळलं तर वाट एकच दिसते. मुलाकडे बघून पुढे पाहिलं तर पुष्कळ वाटा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्या आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम २१ सात ते बारा वर्षांच्या अपक्व मुलाचं कृत्य गुन्हाच मानत नाही. सरकारी पुस्तक एवढी सवलत देतं आणि आम्ही वेदीसेवकांच्या यादीवर काट मारायला बसलो आहोत.

माझं म्हणणं साधं आहे. त्याला काढू नका. दानपेटीला चांगलं कुलूप लावा, ते आपण तसंही लावायला हवं होतं. त्यानं पेटीतले पैसे परत करावेत: काकूंकडून घेऊन नव्हे, तर शनिवारी देवळाची बाकं पुसून, आठवड्याला ठरलेल्या रकमेप्रमाणे, वहीत लिहून. कंपास टोचलेल्या मुलीची सोय आधी पाहा, तिला दुसऱ्या रांगेत नव्हे तर त्याला पुढे माझ्या टेबलाजवळ बसवा. चूक केली की लगेच, छोटी आणि ठरलेली शिक्षा. चांगलं केलं की त्याहून लगेच शाबासकी. भीती कमी असलेली मुलं शाबासकीनं शिकतात, हे चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मीही पाहिलं आहे. काकू आणि सूनबाई दोघींना बालमार्गदर्शनासाठी घेऊन जायला मी तयार आहे. एर्रागड्ड्यालाही जाऊ, नावं ठेवणाऱ्यांनी ठेवावीत. जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तो सूचनाफलकावर लावा. आणि 'बापावर गेलाय' हे त्याच्या कानांवर पुन्हा पडू देऊ नका. त्यानं ते बैठकीच्या दिवशी ऐकलं होतं. तो दाराबाहेर पायरीवर बसला होता.

या शनिवारी मी त्याला गायनपुस्तकं मोजायला दिली. त्यानं ८४ सांगितली. मी मागाहून मोजली तर ८५ होती. एक पुस्तक त्यानं कमी मोजलं की एक बाजूला ठेवायचा विचार केला आणि बदलला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये आहे. काकू येणार आहेत. हा विषय 'इतर'मध्ये न ठेवता पहिला घ्यावा आणि त्यांना आत, आपल्या शेजारी बसवावं, एवढी विनंती मी फादरांना लेखी दिली आहे.